हँडल चार बोटं वर

दोन्ही हात कोपराच्या वरपर्यंत प्लास्टरमध्ये असताना नाकावर माशी बसली तर काय करायचं, हे कुठल्याही पुस्तकात लिहिलेलं नाही. मी इंदापूरच्या एका कॉलेजात ग्रंथपाल आहे, त्यामुळे हे विधान जबाबदारीने करतोय. आजारपण माणसाला नम्र करतं असं ऐकून होतो. माशी त्याहून लवकर करते.

हे मी माझ्या वयाच्या पुरुषांसाठी लिहितोय. आमच्या भागात पन्नाशी आली की साखर येते. साखर आली की डॉक्टर सायकल सांगतात. सायकल घेतली की मान दुखते, आणि मान दुखली की माणूस मोबाइलवर व्हिडिओ बघून पाना हातात घेतो. मीही घेतला.

लिहायला उशीर झाला, कारण मला बोलायची सवय नाही. नोकरीच अशी की आयुष्यभर इतरांना गप्प बसवलं, त्यात स्वतःही बसलो. सुमन, म्हणजे माझी बायको, म्हणते, "यांच्याशी भांडायचं तर दोघांचंही मलाच बोलावं लागतं."

मी नक्की काय केलं

माझ्या सायकलवर पुढे वाकून बसावं लागायचं. ताठ बसता यावं म्हणून मी हँडलचा दांडा वर ओढला. त्या दांड्यावर एक आडवी रेघ असते. ती आत राहिली पाहिजे, बाहेर दिसता कामा नये, असं शेजारी इंग्रजीत लिहिलेलंही असतं. मी ते वाचलं. कंपनीवाले आपल्या बचावासाठी असं लिहितात, असं स्वतःला समजावलं आणि दांडा रेघेच्या चार बोटं वर काढून आवळला. ग्रंथालयात ‘पानं दुमडू नयेत’ ही पाटी मी स्वतः लावली आहे, आणि ती कुणी वाचत नाही म्हणून माझा रोज संताप होतो.

मग हँडल अरुंद वाटायला लागलं. परसात ठिबकच्या पाइपचे तुकडे पडलेले होते. त्यातले दोन वीतभर तुकडे हँडलच्या टोकांवर चढवले आणि सोल्यूशन लावून चिकटवले. बाहेरच्या वाचकांना इथे एक गोष्ट सांगायला हवी. आमच्या तालुक्यात देवाच्या खालोखाल भरवसा असतो तो पीव्हीसी पाइपच्या सोल्यूशनवर. डाळिंबं, द्राक्षं, शेततळी, सगळा कारभार त्या छोट्या डबीतल्या चिकट द्रवावर उभा आहे. कोसभर लांबून येणारं पाणी जे दाबून धरतं, ते माझे दोन हात धरणार नाही का?

नाही धरत. ते प्लास्टिकला प्लास्टिक धरतं. खाली लोखंड असेल तर ते नुसतं धरल्यासारखं करतं.

हँडल वर गेलं तशा ब्रेकच्या वायरी तोकड्या पडल्या. त्या मी ताणून बसवल्या. त्यामुळे हँडल उजवीकडे वळवलं की पुढचा ब्रेक आपोआप लागायचा. मला ही सोय वाटली. वळणावर वेग कमी करायचाच असतो.

इथवर फक्त मूर्खपणा होता. पुढचं काम मात्र त्याहून वाईट. माझे सासरे, तात्या, अंथुर्ण्याजवळच्या वस्तीवर राहतात. वय पंच्याहत्तरीकडे झुकलेलं. रोज सकाळी सायकलला किटली अडकवून डेअरीवर दूध घालायला जातात. पाठीला बाक आलाय. माझ्या सायकलचं काम मला इतकं आवडलं, की एका रविवारी मी त्यांच्याही सायकलचं हँडल तसंच चार बोटं वर काढून दिलं. पुढच्या ब्रेकची सळई आडवी येत होती, ती काढूनच टाकली. तात्या तसेही पाय टेकवून थांबतात.

तात्यांनी सायकलला एक चक्कर मारली, हँडलवर हात फिरवला आणि म्हणाले, "झ्याक." मेहुणा संपत म्हणाला, "दाजींनी पार मोटारसायकल करून टाकली."

त्या घरात मला पंचवीस वर्षं मान मिळत होता. कौतुक पहिल्यांदा मिळालं. परतीच्या एसटीत मी खिडकीला डोकं टेकून एकटाच हसत होतो.

पडलो तो दिवस

बावड्याच्या रस्त्याला एक उतार आहे. पुढे उसाची ट्रॉली संथ चालली होती. तिला मागे टाकायला मी उजवीकडे वळलो. सोय लागू झाली. पुढचं चाक थांबलं, मी हँडल घट्ट धरलं, आणि उजवी मूठ सुटून हातात आली. डाव्या हाताने सगळा भार घेतला तसा दांडाच उपसून वर आला. क्षणभर मी एका हातात पाइप आणि दुसऱ्या हातात हँडल घेऊन हवेत होतो. सायकल तिच्या मार्गाने गेली. मग आधी तळहात आणि मागून हनुवटी, अशा क्रमाने रस्त्यावर पोचलो.

एका पिकअपवाल्याने इंदापुरात आणलं, तिथून बारामतीला हाडांच्या दवाखान्यात. सुमन शेजारी बसलेली, रडत नव्हती, पण माझ्या शर्टाचं सुटलेलं बटण पुन्हा पुन्हा लावत होती. डॉक्टरांनी फोटो उजेडाला धरला. "दोन्ही मनगटं," ते म्हणाले. "डाव्यात आतून धातूची पट्टी घालावी लागेल. आधी साखर खाली आणू. कसे पडलात?"

सुमन माझ्याकडे बघत होती. हँडलचं काम चाललेलं असताना ती म्हणाली होती, "सायकलच्या दुकानात न्या की." मी पाना शोधत राहिलो होतो.

"कुत्रं आडवं आलं," मी म्हणालो.

"चावलं का?" सिस्टरने लगेच विचारलं.

"नाही."

"चाटलं? ओरखडा?"

"नाही हो. लांबून गेलं."

"लांबून गेलं तर आडवं कसं आलं?" ती म्हणाली आणि इंजेक्शनची तयारी करायला वळली. ते टाळता टाळता मला त्या कुत्र्याचा स्वभाव, मार्ग आणि अंतर असं बरंच काही रचावं लागलं. एरवी मी इतकं वर्षभरात बोलत नाही.

दोघांत मिळून एक माणूस

शेजारच्या खाटेवर लोणी भापकरचे एक आबा होते. मांडीचं हाड मोडलेलं, पायाला वजन लटकवलेलं, त्यामुळे खाट सोडायची सोय नाही. तोंडाला मात्र कुठलंही वजन बांधलेलं नव्हतं.

पहिल्याच दिवशी त्यांनी हिशोब मांडला. "तुमचं पाय चालत्यात, माजं हात चालत्यात. दोघांत मिळून एक धड माणूस हुतोय. कशाला कुणाची वाट बघायची?"

आणि खरंच तसं चाललं. सुमन खाली औषधं आणायला गेली की मी गळ्यात पिशवी अडकवून घ्यायचो, कँटीनपर्यंत जायचो, तो मुलगा पिशवीत बिस्किटं टाकायचा. मी परत येऊन आबांच्या खाटेशी वाकायचो. ते पिशवी काढून घ्यायचे, पुडा फोडायचे, एक बिस्कीट स्वतः आणि एक मला. नाकाला खाज आली की मी त्यांच्यासमोर तोंड नेऊन उभा राहायचो. "डावीकडं का उजवीकडं?" ते विचारायचे. आईनंतर माझं नाक इतक्या मायेने कुणी पुसलं नव्हतं.

बाकीचं सगळं सुमनकडे होतं. सगळं म्हणजे सगळं. संडासाच्या दाराशी मी पहिल्यांदा अडखळलो तेव्हा ती म्हणाली, "लाजू नका. सासूबाईंचं केलं, पोरांचं केलं. तुमचं राहिलं होतं." ती इतक्या सहज म्हणाली, की माझ्या मनातलं कुत्रं मला आतून चावलं.

दिवस ठरलेला असायचा. पहाटे साखर तपासायला बोट टोचणार. बोटं तेवढीच प्लास्टरबाहेर होती, म्हणून सगळ्यांचा रोख त्यांच्यावर. मग चहा, बिनसाखरेचा. मग डॉक्टर, मग भेटायला येणारे. प्रत्येक येणाऱ्याला सुमन कुत्र्याची गोष्ट सांगायची, कुणी रंग विचारला तर तो मला सांगावा लागायचा, आणि दर वेळी कुत्रं थोडं मोठं व्हायचं. कॉलेजातले सहकारी नगरपालिकेत अर्ज द्यायच्या गोष्टी बोलायला लागले.

मी भिंतीकडे बघत पडायचो. मनगटं दुखायची, पण भीती वेगळीच होती. रोज सकाळी डेअरीची वेळ झाली की मला तात्या दिसायचे. चार बोटं वर आलेलं हँडल, किटली, पुढे ब्रेक नाही, आणि कॅनॉलचा उतार. माझी हाडं पन्नाशीची होती, तरी अशी मोडली.

तेव्हाच सांगायचं होतं. पण सांगितलं तर कुत्रं खोटं ठरत होतं, आणि ते ‘झ्याक’ही परत जात होतं. म्हणून मी मधला रस्ता काढला. सुमनला म्हणालो, "तात्यांना सांग, थोडे दिवस सायकल चालवू नका म्हणावं."

"का?"

"ग्रह बरे नाहीत. दुचाकीला."

लग्नात पत्रिका बघायला विरोध केलेल्या माणसाच्या तोंडून हे ऐकून तिने माझ्या कपाळाला हात लावून पाहिला. निरोप मात्र दिला. दुसऱ्या दिवशी म्हणाली, "तात्यांनी सायकलला लिंबू-मिरची बांधली. आता बिनघोर चालवतो म्हणाले."

म्हणजे माझ्या मधल्या रस्त्याने तात्यांची होती ती भीतीही गेली.

आबांची उलटतपासणी

त्या दुपारी सुमन घरी कपडे आणायला गेली होती. आबा छताकडे बघत म्हणाले, "दिनकरराव, ते कुत्रं कसल्या रंगाचं हुतं?"

"तांबडं."

"काल त्या मास्तरला तुमी काळं सांगितलंत."

मी कूस बदलायला गेलो, प्लास्टर आडवं आलं.

"आनि परवा सिस्टरला ठिपक्याचं. आवंदा कुत्री लई रंग बदलाय लागल्यात." ते माझ्याकडे वळले, जेवढं वळता येत होतं तेवढं. "मी बी सगळ्यांस्नी सांगितलंय, ट्रॅक्टरवरनं पाय घसरला म्हणून. खरं सांगू? नातीच्या लग्नाचं गाणं लागलं हुतं, ट्रॉलीत उभा राहून नाचलो. आता बोला तुमचं."

मी बोललो. रेघ, पाइप, सोल्यूशन, सोय, सगळं. आबा पोट धरून हसले, वजन हललं, पाय दुखला, तरी हसले. मग मी तात्यांच्या सायकलचं सांगितलं आणि ते हसायचे थांबले.

"आनि ती सायकल आज कुठं हाय?"

"तात्या चालवतायत."

"मंग हितं मला काय सांगताय?"

मी म्हणालो, उद्या सांगतो. एवढं बोलून माझी हिंमत संपली होती.

चमचा

सकाळी सुमन मला उपमा भरवत होती. सहज म्हणाली, "तात्या निघतायत तुम्हाला बघायला. फाट्यापर्यंत सायकलवर, तिथनं एसटी."

आबा त्यांच्या खाटेवरून खाकरले. "बोला की आता."

"सुमन," मी म्हणालो, "कुत्रं नव्हतं."

पुढचं मी एका दमात सांगितलं. माझं हँडल कसं उपसलं, तात्यांचंही तसंच उपसू शकतं, ब्रेकची सळई मी काढून टाकलीय. तिने चमचा माझ्या तोंडात दिला आणि तिथेच सोडला. मग उठून फोन लावला.

संपतचा आवाज मलाही ऐकू आला. "तात्या गेलं की कवाच. दाजींनी केलं तसंच हँडल वर हाय." त्यांचा फोन बंद होता. बॅटरी उतरते म्हणून तात्या तो स्वतःला करायचा असेल तेव्हाच चालू करतात. संपत म्हणाला, मी बघतो रस्त्यानं जाऊन, आणि फोन ठेवला.

मी तोंडात चमचा घेऊन उभा होतो. काढायला हात नव्हते, थुंकायची हिंमत नव्हती, आणि सुमन बघत नव्हती. ती खिडकीशी जाऊन पाठमोरी उभी राहिली. आबांनी खुणेने जवळ बोलावलं, मी वाकलो, त्यांनी चमचा काढून घेतला आणि हळूच टेबलावर ठेवला. त्यांनीही त्या वेळी विनोद केला नाही.

पंचवीस वर्षांत सुमन रागावून गप्प बसल्याचं मला आठवत नाही. गप्प बसणं हे माझं खातं. ते तिने घेतल्यावर माझ्याकडे काहीच उरलं नाही. मी म्हणालो, "माझं चुकलं." ती म्हणाली, "ते मला नका सांगू. ज्याची हाडं आहेत त्याला सांगा, असली शाबूत तर."

संपतचा परत फोन आला. रस्त्याला कुणी नाही, सायकल फाट्यावर पानपट्टीमागे पडलेली, पण तिला हँडल नाही. पानपट्टी अजून बंद होती, त्यामुळे विचारायलाही कुणी नव्हतं.

सुमन खाली बसली. भिंतीला टेकून, फरशीवरच. मी तिच्याशेजारी बसलो. तिच्या खांद्यावर ठेवायला हात नव्हता म्हणून प्लास्टरचा खांब तसाच टेकवला. तिने तो झटकला नाही.

म्हैस

बऱ्याच वेळाने वॉर्डाच्या दारात टोपी दिसली. तात्या चालत आले. लंगडत, पण चालत. धोतराला माती, कोपर सोललेलं, खांद्याला मोठी कापडी पिशवी.

सुमन उठली. "तात्या, काय झालं?"

"कुठं काय. म्हैस आडवी आली."

आबा शेजारच्या खाटेवरून म्हणाले, "म्हशीचं एक बरं असतंय. रंग इचारायची सोय न्हाय."

"तात्या," मी म्हणालो, "म्हैस नव्हती. मलाही कुत्रं आडवं आलं नव्हतं."

तात्या माझ्या दोन्ही हातांकडे बघत राहिले. मग खाटेच्या कडेला बसले आणि पिशवीतून हँडल काढून मांडीवर ठेवलं. दांड्यासकट. लिंबू-मिरची अजून लटकत होती.

"फाट्यावर उतरताना हातात आलं," ते म्हणाले. "पडलो तसा न्हाय, बसलो. पर तुमी इचारलं असतं हँडल कसं चाललंय, म्हणून संगंच आनलं. जाताना हितल्या दुकानात पुन्ना बसवून न्यायचं हुतं."

"पण तुम्ही रोज डेअरीला..."

"रोज कुठं? रोजच्याला हँडल खालीच." त्यांनी टोपी काढून परत घातली. "दिनकरराव, तुमी बसवून दिलं त्या दिशी सांजच्यालाच मी गोठ्याच्या दारात आडवा झालो. संपतनं दुकानात नेऊन हुतं तसं करून आनलं, सळईबी लावली. तुमी येणार कळलं की सळई काढून ह्ये वर घ्यायचं, गेलासा की खाली. आज तुमच्याकडं यायचं, हँडलाचं तुमाला खोटं सांगाय नगं, म्हणून वर घेतलं."

मला ऐकताना समजत होतं आणि समजत नव्हतं. जो माणूस रोज सुखरूप होता, तो आज माझ्या मानासाठी त्या हँडलच्या सायकलवर बसला होता. माझी भीती सगळे दिवस खोटी होती आणि नेमकी आज खरी.

"मग मला का नाही सांगितलं?" मी विचारलं.

"जावयाच्या कामाला नाव ठिवत्यात व्हय? तुमी बाजंवर बसून बघत हुता, एवढं खुशीत." तात्यांनी हँडल मांडीवरून खाली ठेवलं. "मी त्याच वक्ताला बोललो असतो तर तुमी आपल्या सायकलचंबी उतरवलं असतं. ह्ये तुमचं हात मीच मोडल्यागत झालं."

म्हणजे मी ज्या ओझ्याखाली पडून होतो, त्याच्या दुसऱ्या टोकाला तेही होते. दोघेही एकमेकांना सांभाळत एकमेकांची हाडं मोडत होतो.

सुमनने आधी तात्यांचं कोपर धुतलं. पट्टी बांधली. मग कमरेवर हात ठेवून उभी राहिली, आणि रागात तिची माहेरची भाषा परत आली. "एकाला कुत्रं आडवं येतंय, एकाला म्हैस. घरातली बाई तेवढी कुणाला आडवी येत न्हाय, खरं सांगाय. तुमी दोघंबी आता उपमा खावा आनि गप बसा."

आम्ही खाल्ला. मला तात्यांनी भरवला. त्यांना ते नीट जमत नव्हतं, निम्मा हनुवटीच्या टाक्यांवर सांडत होता. मी काही बोललो नाही, आणि मग लक्षात आलं की पुन्हा तेच करतोय. म्हणून म्हणालो, "तात्या, सांडतंय."

"व्हय का?" ते म्हणाले आणि चमचा नीट धरला.

आता

डाव्या मनगटात पट्टी आणि स्क्रू आहेत. उजवं पूर्ण वळत नाही. रोज कणीक मळायचा व्यायाम करतो. त्यामुळे घरात चपात्या माझ्या मळलेल्या कणकेच्या असतात आणि त्याबद्दल सुमन तिला वाटतं ते बोलते. कॉलेजात मी सर्वांसमोर सांगितलं की कुत्रं निर्दोष आहे. नगरपालिकेचा अर्ज थांबला. आबा काठी घेऊन चालतात. फोनवर पहिलं वाक्य, "नाक कसं हाय?"

तुम्ही हँडल वर घ्यायच्या विचारात असाल तर एवढंच सांगतो. रेघ बाहेर दिसता कामा नये. पुढचं चाक दोन गुडघ्यांत दाबून हँडल पिळून बघा, हललं तर बसू नका. दोन्हीकडे पूर्ण वळवून बघा, वायर ताणली जाते का, ब्रेक आपोआप लागतो का. हँडलला पाइपचे तुकडे जोडू नका, सोल्यूशन कितीही चांगलं असलं तरी. आणि खरं म्हणजे दुकानात न्या. तिथला माणूस तुमचा जावई नसतो, तुम्ही त्याचे नसता, तो तोंडावर सांगतो.

प्लास्टर निघाल्यावर अंथुर्ण्याला गेलो. नेहमीप्रमाणे ओसरीवर गादी घातलेली, मला तिच्यावर बसवलेलं. गोठ्यातला दिवा लागत नव्हता. सवयीने उठलो आणि भिंतीला टेकवलेल्या शिडीकडे निघालो.

"दिनकरराव," तात्या बाजेवरून म्हणाले, "शिडीला हात लावू नगा. तुमाला त्यातलं कळत न्हाय."

संपत हातातली वैरण टाकून बघायला लागला. आत भांड्यांचा आवाज थांबला. त्या घरात मला कधी कुणी असं बोललं नव्हतं. संपतला मात्र दिवसातून दहा वेळा बोलतात.

मी मागे आलो. गादीवर न बसता तात्यांच्या बाजेच्या कडेला बसलो आणि आत हाक मारून चहा मागितला. एरवी तो न मागता यायचा. त्या दिवशी बराच वेळ आला नाही. शेवटी उठून स्वयंपाकघरात गेलो आणि सगळ्यांसाठी माझा मीच टाकला.